नवं तेल दाखवणाऱ्याला जुनं तेल मागा

मागच्या व्हिडिओत माझ्या टेबलावर पाण्याची एक बाटली होती आणि तिच्यात दुधाच्या चहासारखं काहीतरी होतं. बऱ्याच जणांना तो चहाच वाटला. तो चहा नव्हता, एका स्पीडबोटीचं गिअर ऑईल होतं. धनजपासून समुद्र रस्त्याने पाचशे किलोमीटरहून लांब, मग इथे बोटीचं तेल काय करतंय, हे सांगायला व्हिडिओत वेळ पुरला नाही. म्हणून इथे लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गिअर ऑईल बदलणं म्हणजे जुनं काढून नवं टाकणं, असं आपण समजतो आणि तिथेच पैसे बुडवतो. या कामातला खरा माल म्हणजे बाहेर पडणारं जुनं तेल. यंत्राने वर्षभर काय सोसलं ते त्यात लिहिलेलं असतं. जुनं यंत्र विकत घेणाऱ्याने ते वाचावं आणि सर्व्हिसिंगचा धंदा करणाऱ्याने ते वाचण्याचे पैसे घ्यावेत.

आता त्या बाटलीची गोष्ट. आपल्या कारंजा तालुक्यातला एक मुलगा आहे. ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर भाड्याने चालवतो, हात चांगला आहे, हिशोबही ठेवतो. त्याच्या डोक्यात जलपर्यटन शिरलं. त्यात वेडेपणा काही नाही. रामटेकजवळ खिंडसी तलावावर लोक बोटिंगला जातातच, आणि गोसीखुर्दच्या जलाशयावर सरकारचा जलपर्यटनाचा प्रकल्प आहे. आपल्या भागातल्या एखाद्या धरणावर का नको, असं त्याला वाटलं. (जलाशय पाटबंधारे खात्याचा, बोटीची नोंदणी आणि तपासणी वेगळी, विमा वेगळा. तो विषय मोठा आहे, त्यावर स्वतंत्र बोलू.) पुण्याकडच्या एका धरणावर जुनी स्पीडबोट विकायला होती. किंमत सव्वासहा लाख. मुद्रा योजनेच्या ‘तरुण’ गटात 5 ते 10 लाखांचं कर्ज बसतं, म्हणून त्याने फाईलही तयार केली होती. मला म्हणाला, “सर, घेऊन टाकू का? गिअरचं तेल तं आत्ताच बदललं म्हणते तो.”

मी म्हटलं, जुनं तेल कुठे आहे?

त्याला प्रश्नच कळला नाही. तुम्हालाही कदाचित कळला नसेल. त्यासाठी ही बोट कशी चालते ते थोडं बघू.

कोकणात मालवण-तारकर्लीला तुम्ही ज्या पर्यटकांच्या बोटी बघता, त्यातल्या बहुतेकींचं इंजिन मागे बाहेर टांगलेलं असतं, ते आउटबोर्ड. या बोटीला स्टर्नड्राइव्ह होता. म्हणजे इंजिन बोटीच्या आत, मोटारीत असतं तसं, आणि मागच्या फळीतून बाहेर आलेला एक पाय पाण्यात सोडलेला. स्वीडनच्या व्होल्वो पेंटाने 1959 साली हा प्रकार बाजारात आणला. इंजिनाची फिरकी आडवी बाहेर येते, पायात शिरून खाली वळते आणि तळाशी पुन्हा आडवी होऊन पंख्याला जाते. दोनदा काटकोनात वळण, म्हणजे वर एक आणि खाली एक असे तिरप्या दातांच्या गिअरचे दोन संच. हे सगळं तेलात बुडालेलं, आणि त्या तेलाचं घर स्वतः पाण्यात बुडालेलं. आतलं तेल आणि बाहेरचं तळं यांच्या मधे काय असतं? रबराचे दोन-चार सील. बस.

रोटाव्हेटरवाल्यांनो, ओळखीचं वाटतंय ना? ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट आडवा येतो, मधल्या गिअरबॉक्समध्ये काटकोनात वळतो, बाजूच्या गिअर किंवा साखळीतून खाली उतरतो आणि पात्यांचा रोटर फिरवतो. तिथेही खालच्या बेअरिंगच्या तोंडाशी सील, आणि सीलपलीकडे चिखल. शेतातली तार, सुतळी, ठिबकच्या नळीचा तुकडा रोटरला गुंडाळत गुंडाळत सीलपर्यंत पोचतो आणि त्याचा ओठ कापतो. बोटीत तेच काम मासेमारीचा नायलॉन दोरा करतो. पंख्यामागे शाफ्टला गुंडाळला जातो, वरून दिसतसुद्धा नाही, आणि सीलमध्ये शिरतो. तेल बाहेर जातं, पाणी आत येतं.

पाणी आत आलं की तेल दुधाळ होतं. वास करपट आला तर समजा गिअर तापलेत. तेल काढायच्या बोल्टला बहुधा चुंबक असतो. त्यावर काजळासारखी बारीक राखाडी पेस्ट असेल तर घाबरू नका, ती रोजची झीज आहे. पण बोटाला टोचेल असा चमकता तुकडा मिळाला तर दात किंवा बेअरिंग तुटायला लागलंय. हे वाचायला लॅबोरेटरी लागत नाही. पांढरा कपडा, रिकामी बाटली आणि उजेड एवढंच लागतं.

आणि म्हणूनच ‘आत्ताच तेल बदललं’ या वाक्याला मी घाबरतो. नव्या तेलात काहीच लिहिलेलं नसतं. खोटं बोलण्याची सुद्धा गरज नाही, विक्रेता प्रामाणिकपणे तेल बदलून मोकळा होतो आणि त्याच्याबरोबर पुरावाही जातो. घर विकण्याआधी ओल आलेल्या भिंतीला चुना मारावा, तसं.

आम्ही कारंजाला समृद्धीवर चढलो आणि गेलो. विक्रेत्याला सांगितलं की अर्धा तास बोट पाण्यात जोरात चालवू, मग रात्रभर ट्रेलरवर उभी ठेवू, सकाळी तेल काढू, आणि नव्या तेलाचे पैसे आमचे. थोडी कुरकुर करून तो तयार झाला. रात्रभर का, तर पाणी तेलापेक्षा जड. उभ्या यंत्रात ते हळूहळू तळाला जाऊन बसतं. सकाळी पाय सरळ उभा करून, वरचा बोल्ट न उघडता, फक्त खालचा बोल्ट जरासा सैल केला. पहिले काही थेंब चक्क पाण्याचे पडले. मग वरचा बोल्ट काढला आणि तो चहा वाहायला लागला. चुंबकावर पेस्ट होतीच, तिच्यात सुईच्या टोकाएवढे दोन-तीन कणही चमकत होते. पंखा काढून बघितला तर मागे नायलॉन दोऱ्याचा गुंडा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. दुधाळ तेल म्हणजे बोट भंगारात, असं नाही. सील स्वस्त असतो आणि बदलता येतो. त्यानंतर पायात हवेचा दाब भरून गळती तपासतात आणि काम संपतं. प्रश्न असा की पाणी किती दिवस आत होतं? चार फेऱ्या की चार महिने? बेअरिंग गंजली असतील तर सीलच्या खर्चावर भागणार नाही. बेअरिंग आणि गिअरचा संच धरून एका मेकॅनिकने फोनवर जो अंदाज दिला तो दीड लाखाच्या पुढे होता, आणि तोही पाय उघडल्याशिवाय नक्की नाही. मुलाने किंमत दीड लाखाने कमी करायला सांगितली. विक्रेता हलला नाही. आम्ही ठरल्याप्रमाणे नवं तेल भरून दिलं, जुनं बाटलीत घेतलं आणि परत निघालो.

ते भरणं मात्र सांगण्यासारखं आहे, कारण रोटाव्हेटरचा हात तिथे चुकतो. रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सला आपण वरून तेल ओततो आणि पातळीच्या बोल्टातून बाहेर यायला लागलं की थांबतो. स्टर्नड्राइव्हचा पाय उंच आणि अरुंद. वरून ओतलं तर हवा अडकते, तेल पुरेसं गेलं असं वाटतं आणि वरचे गिअर कोरडे राहतात. म्हणून तेल खालच्या छिद्रातून हातपंपाने वर चढवायचं. वरच्या छिद्रातून बुडबुडे थांबून सलग धार आली की आधी वरचा बोल्ट बसवायचा, मग पंप काढून चटकन खालचा. वरचा बंद असला की खालून तेल फार सांडत नाही, बाटलीच्या तोंडावर बोट ठेवल्यासारखं. दोन्ही बोल्टांचे वॉशर दर वेळी नवे घ्या. वीस-तीस रुपये वाचवायला जुना वॉशर लावणारा माणूस मला कामावर नको. थोड्या वेळाने पातळी पुन्हा बघा, आणि तेल पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचंच, बोटीसाठी बनवलेलं. ट्रॅक्टरच्या डब्यातलं ‘नव्वद नंबर’ इथे चालवू नका, बोटीच्या तेलात गंज रोखणारी आणि थोडं पाणी शिरलं तरी सांभाळून घेणारी द्रव्यं असतात. आणि हो, पाण्याबाहेर इंजिन तपासायचं असेल तर थंड पाण्याची नळी जोडल्याशिवाय चावी फिरवू नका, पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र बघता बघता जळतं.

हे तेल साधारण शंभर तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा बदलतात. पण वर्षातून एकदा म्हणजे कधी? आपल्याकडे बहुतेक जण हंगाम सुरू होताना बदलतात, बोटवाले पावसाळ्यानंतर आणि रोटाव्हेटरवाले पेरणीच्या तोंडावर. मला हे साफ चूक वाटतं. हंगाम संपताना बदला. थंड देशांत याचं कारण उघड आहे, आत शिरलेलं पाणी गोठून फुगतं आणि पायाचं कवच फोडतं. आपल्याकडे बर्फ नाही म्हणून आपण निर्धास्त. पण पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढून ठेवली की तेच पाणी तीन-चार महिने बेअरिंगवर बसून गंज चढवतं. संपताना तेल काढलं तर दोष कळतो आणि दुरुस्तीला महिने मिळतात. सुरुवातीला काढलं तर दोष कळतो तेव्हा गिऱ्हाईक दारात उभं असतं. हे मी स्वतः भोगलंय. माझ्या पहिल्या रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स ऐन जूनमध्ये बसला. सहा शेतकऱ्यांचे आगाऊ पैसे घेतलेले, आभाळ भरलेलं आणि माझं यंत्र वर्कशॉपमध्ये उघडं पडलेलं. दोन जणांनी पुढच्या वर्षी फोन उचलला नाही. बरोबरच केलं त्यांनी.

आता धंद्याचं. तो मुलगा परतीच्या रस्त्यात जालन्यापर्यंत गप्प होता. मग म्हणाला, “सर, हे तेल बघायचं काम आपल्याकडं कोणी करतच नाही.” खरंच आहे. आपल्याकडे तेल बदलून मिळतं, पण काय निघालं ते कोणी दाखवत नाही. जुनं तेल डब्यात जातं, तिथून लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासायला. तुमच्या गिऱ्हाइकाला त्याचं जुनं तेल पारदर्शक बाटलीत दाखवा. बाटलीवर तारीख आणि यंत्राचे तास लिहा. चुंबक त्याच्यासमोर कपड्यावर पुसा. वहीत तीन ओळी लिहा आणि त्याची सही घ्या. पुढच्या वर्षी दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की तुम्हाला बोलावंच लागत नाही. तेलाचे पैसे दुकानदाराच्या भावाने घ्या, त्यावर कमवू नका. तपासणीचे वेगळे घ्या आणि बिलावर वेगळे लिहा. सुरुवातीला लोक कटकट करतील, कारण बघण्याचे पैसे द्यायची सवय नाही. आणि काही निघालं नाही तर ‘काही निघालं नाही’ असंच लिहा. घाबरवून सील विकणारा एकच हंगाम टिकतो. उरलेलं तेल नाल्यात किंवा जमिनीत ओतू नका, साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियावाल्याला द्या.

बोटीचं स्वप्न त्याने सोडलेलं नाही. सध्या मात्र तो आसपासच्या गावांत रोटाव्हेटरचं तेल काढतोय. पहिल्या अकरा यंत्रांपैकी चारांत दूध निघालं, त्यातल्या एका मालकाला यंत्र घेऊन वर्षही झालं नव्हतं. ती फाईल अजून त्याच्या कपाटात आहे, फक्त बोटीच्या रकान्यात आता ‘दुरुस्ती राखीव’ अशी एक ओळ वाढली आहे.

पुढच्या व्हिडिओसाठी धनजला एक गिअरबॉक्स कॅमेऱ्यासमोर उघडणार आहोत. येणार असाल तर आपल्या यंत्राचं जुनं तेल बाटलीत घेऊन या. गाळू नका, हलवू नका, जसं निघालं तसं आणा.