सातबारा नसलेला समुद्र

30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते वाढवण बंदराची पायाभरणी झाली. खर्चाचा आकडा 76,220 कोटी रुपये. डहाणू तालुक्याच्या किनाऱ्यासमोर 1,448 हेक्टर समुद्रात भराव घालून हे बंदर उभं राहणार आहे. त्याच्या बाजूने सरकारी पातळीवर वारंवार मांडला जाणारा एक मुद्दा असा, की बंदर समुद्रात होणार असल्यामुळे कुणाचं गाव उठणार नाही. कागदापुरतं ते खरंही आहे. समुद्राला सातबारा नसतो, आणि ज्याच्या नावावर उताराच नाही त्याचं काही गेलं, हे तलाठ्याच्या दप्तरात उमटत नाही.

पालघर जिल्ह्यातल्या दोन समाजांची तुलना इथूनच सुरू करावी लागते. पहिला वारली समाज, डोंगरपट्टीतला: तलासरी, डहाणूचा पूर्व भाग, विक्रमगड, जव्हार. दुसरा मांगेला समाज, किनाऱ्यावरचा: सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, वरोर, डहाणू. दोघांमध्ये अंतर फारतर काही तासांचं. मधोमध पश्चिम रेल्वे, बोईसरची औद्योगिक वसाहत आणि तारापूरचा अणुप्रकल्प. बाहेरून येणारा पाहुणा दोघांनाही 'स्थानिक' म्हणून एकाच वहीत लिहितो. योजना आखणारे त्यांना मागासपणाच्या पायरीवर खालीवर उभं करतात: वारली खाली, मांगेला बरेच वर. दोन्ही हिशेब चुकतात. कोण किती गरीब हे विचारण्याआधी कुणाकडून काय घेतलं गेलं आणि त्याची नोंद कुठे झाली, हे विचारलं तरच या दोन समाजांची आजची स्थिती समजते.

वारल्यांची गोष्ट जमिनीची. इंग्रजी अमदानीत जंगल सरकारचं झालं आणि शेती सावकार-जमीनदारांकडे गेली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवराबायकोने सावकाराच्या घरी वर्षानुवर्षं राबायचं, अशांना लग्नगडी म्हणत. ही पद्धत ऐकीव नाही. मुंबई सरकारच्याच सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने 1930च्या दशकाच्या अखेरीस आदिवासी भागावर अहवाल लिहिला आणि वेठीचं हे चित्र सरकारी कागदावर आणलं. मे 1945 मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने हजारो आदिवासी जमले आणि वेठ नाकारायचं ठरलं. ऑक्टोबर 1945 मध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे साथीदार मारले गेले. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक याच लढ्याचं.

त्या लढ्याचं फळ सावकाश मिळालं, पण ते कायद्याच्या रूपात मिळालं हे महत्त्वाचं. हस्तांतरित जमिनी आदिवासींना परत देण्याचा महाराष्ट्राचा कायदा 1974चा, वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा 1976चा, अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा 1996चा, वनहक्क कायदा 2006चा. हे कायदे आपोआप गावात पोचले नाहीत. मनोर-पालघर भागात काळूराम धोदडे यांची भूमिसेना, डहाणूत कष्टकरी संघटना, वसई-भिवंडी पट्ट्यात श्रमजीवी संघटना यांनी ते अक्षरशः ओढत गावापर्यंत नेले. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात वनपट्ट्यांची मागणी अग्रभागी होती ती यामुळेच. म्हणजे वारल्यांकडे आज हक्क आहेत, निदान त्यांची नावं तरी आहेत.

मात्र हक्काने पोट भरत नाही. 1992-93 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागातल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. त्यानंतर समित्या आल्या, आहार योजना आल्या, 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यापासून वेगळा पालघर जिल्हाही झाला. तरी भातकापणी संपली की पाडेच्या पाडे रिकामे होणं थांबलेलं नाही. मुकादमाकडून उचल घेऊन कुटुंबं वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस जवळ आला की परततात. पोरांची शाळा मध्येच तुटते. धामणी धरणाने सूर्या नदी अडवली ती डहाणू-पालघरच्या शेतीसाठी. आज त्याच नदीतून वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या शहरांसाठी दररोज 403 दशलक्ष लिटर पाण्याची योजना आखली गेली आहे. या वळवलेल्या पाण्याबद्दल आदिवासी गावांचा राग अगदी रास्त आहे.

मांगेल्यांच्या वाट्याला असं काही आलं नाही, असं वरवर दिसतं. त्यांच्या होड्या स्वतःच्या होत्या, बाजार मुंबईसारखा हाताशी होता, सहकार लवकर रुजला. सातपाटीच्या मच्छिमार सहकारी संस्थांनी बर्फ, डिझेल, विक्री हे सगळं अनेक दशकं सांभाळलं आणि सातपाटीचं पापलेट नावाजलं गेलं. 2023 साली राज्याने पापलेटला राज्यमासा जाहीर केलं, त्यात या किनाऱ्याच्या मागणीचा वाटा मोठा. शाळा लवकर आल्या, राजकारणाचं भान होतं. 14 ऑगस्ट 1942 रोजी पालघरला गोळीबारात जे पाच जण हुतात्मा झाले, त्यात सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे होते. आरक्षणात हा समाज विशेष मागास प्रवर्गात येतो. अनुसूचित जमातींना मिळणारं घटनात्मक संरक्षण त्याला नाही.

आणि या सुस्थितीनेच मांगेल्यांचं नुकसान झाकलं गेलं.

देशातला पहिला अणुवीज प्रकल्प तारापूरला ऑक्टोबर 1969 मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाला. पुढे 540 मेगावॉटच्या दोन नव्या अणुभट्ट्या 2005 आणि 2006 मध्ये सुरू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही किनाऱ्यावरची गावं उठली. लोकांना घरं मिळाली, पण समुद्रापासून दूर. ज्याची होडी किनाऱ्यावर आणि बिऱ्हाड आत, त्याला भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाळणं किती अवघड जातं, हे मच्छिमारी न केलेल्या अधिकाऱ्याला समजावून सांगावं लागतं. पुनर्वसनाच्या नियमांना घराचे चौरस फूट आणि शेताचे गुंठे मोजता येतात. ओहोटीला उघडी पडणारी खडकाची रांग, जिथे बायका शिंपल्या-कालवं काढत, ती कोणत्या रकान्यात लिहायची?

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीने तर जमीनही न घेता किनाऱ्याचं नुकसान केलं. रसायनं, औषधं, कापड, पोलाद यांचे शेकडो कारखाने, आणि त्यांचं सांडपाणी नळाने नवापूरच्या समुद्राकडे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली देशभरातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात 93.69 गुणांनी तारापूर पहिलं आलं. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने 2016 साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. जानेवारी 2022 मध्ये लवादाने शंभराहून अधिक कारखान्यांवर मिळून शंभर कोटींच्या वर भरपाई बसवली. उद्योगांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठलं. एका मच्छिमार समाजाच्या परिषदेने इतकी वर्षं चिवटपणे खटला चालवला ही फार मोठी गोष्ट आहे. मराठी वर्तमानपत्रांनी तिला जेवढी जागा द्यायला हवी होती, तेवढी दिली नाही. त्याउलट ऑगस्ट 2021 मध्ये मुरब्याच्या एका नाखव्याच्या जाळ्यात दीडशेहून अधिक घोळ मासे सापडले आणि ते सव्वा कोटींच्या वर विकले गेले, ही बातमी देशभर झळकली. एका जाळ्याचं नशीब सगळ्यांना आठवतं. रोज हलक्या होत गेलेल्या हजारो जाळ्यांची बातमी होत नाही.

अमेरिकेतल्या वाचकांना नोंद असलेल्या आणि नसलेल्या नुकसानातला हा फरक आपल्या शेजारच्या दोन समाजांवरून पडताळून पाहता येईल. वायोमिंगमधल्या विंड रिव्हर राखीव क्षेत्रात उत्तरेकडचे अरापाहो राहतात. 1851च्या फोर्ट लॅरामी कराराने त्यांच्या आणि शायेन लोकांच्या नावावर प्रचंड मुलूख लिहिला गेला होता. 1864 साली सँड क्रीकला त्यांच्या आणि शायेनांच्या वस्तीवर हल्ला करून सैन्याने कत्तल केली, आणि 1878 मध्ये अरापाहोंना त्यांच्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांच्या, शोशोनींच्या, राखीव क्षेत्रात आणून ठेवलं. तिथे रिव्हरटनजवळ 1958 ते 1963 युरेनियमची गिरणी चालली आणि तिच्या कचऱ्याने भूजल बिघडलं. मोडलेला का होईना, करार होता म्हणून पुढच्या पिढ्यांना न्यायालयात उभं राहता आलं. ही वाट वारल्यांच्या ओळखीची आहे.

जमैकाचं वेगळं. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी 1834 मध्ये कायद्याने संपली आणि सक्तीच्या 'उमेदवारी'तून सुटका 1838 मध्ये झाली. ब्रिटिश सरकारने भरपाई म्हणून दोन कोटी पौंड दिले ते गुलामांच्या मालकांना. राबलेल्यांना काहीही नाही, कारण त्यांच्या नावावर मालमत्तेची नोंद नव्हती. मालमत्तेच्या यादीत तेच होते. 1956च्या तिथल्या किनारा नियंत्रण कायद्याने भरतीरेषेखालची जमीन राजसत्तेकडे ठेवली. आज हॉटेलांमागे किनारे बंद होतात तेव्हा तिथले कोळी आणि गावकरी त्या जुन्या कायद्याशी झगडत आहेत. मांगेल्यांच्या दुःखाशी या माणसांच्या दुःखाची बरोबरी करता येणार नाही, गुलामगिरीची बरोबरी कशाशीच होत नाही. पण भरपाईचा नियम दोन्हीकडे एकच दिसतो: नोंद ज्याच्या हातात, पैसा त्याच्या हातात.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. मांगेल्यांची पोरं शिकली, अणुप्रकल्पात आणि बोईसरच्या कारखान्यांत लागली. चिंचणी-तारापूर-वरोर पट्ट्यात दागिन्यांचे साचे घडवण्याचा डायमेकिंगचा व्यवसाय घरोघरी वाढला. बंदराने तर 12 लाख प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगारांचा अंदाज दिला आहे. मग समुद्राचं एवढं काय? याचं उत्तर तारापूरच्याच अनुभवात आहे. कायमची नोकरी थोड्यांना मिळाली. बाकीच्यांना ठेकेदाराकडची, आज आहे उद्या नाही अशी. डोंगरातल्या वारली बाईला कारखान्याच्या पॅकिंगमध्ये मिळाली तीही तशीच. जो समाज स्वतःच्या होडीचा मालक होता त्याला ठेकेदाराच्या रांगेत उभं करणं म्हणजे प्रगती, असं म्हणायला धजावू नये. डहाणू तालुका 20 जून 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला आहे. तालुक्याच्या पर्यावरण रक्षणासाठी नेमलेल्या, न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाने 1998 मध्ये वाढवणचं बंदर नाकारलं होतं. त्याच प्राधिकरणाने, धर्माधिकारी गेल्यानंतर, जुलै 2023 मध्ये परवानगी दिली. मधल्या काळात किनारा कमी नाजूक झाला, असं कुणी दाखवून दिलेलं नाही.

ही तुलना दोन बंद खोल्यांची नाही, आणि इथेच ती अवघड होते. किनाऱ्यावरच्या होड्यांवर खलाशी म्हणून जाणारे अनेकजण वारली आणि इतर आदिवासी असतात. डहाणू-तलासरीचे तरुण याहूनही लांब, गुजरातमधल्या वेरावळ आणि ओख्याच्या ट्रॉलरवर हंगामभर जातात. मालक हंगामाआधी उचल देतो, ती फिटेपर्यंत उतरायची सोय नसते. त्यांचे पणजोबा लग्नाच्या कर्जात अडकले होते, ते डिझेलच्या वासात अडकतात. सागरी हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून त्यांतले कित्येक पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षानुवर्षं राहिले. 2024 मध्ये डहाणू तालुक्यातल्या अशाच एका खलाशाचा कराचीच्या तुरुंगात मृत्यू झाला आणि मृतदेह घरी यायला आठवडे गेले. हा माणूस कोणत्या समाजाच्या खात्यात मोजायचा? तो आदिवासी आहे, पण त्याची रोजी समुद्रावर आहे. तो मच्छिमार आहे, पण होडीच्या परवान्यावर त्याचं नाव नाही. होडीचा मालक निदान भरपाई मागू शकतो. खलाशाला तेही नाही.

वाढवणविरोधी मोर्चांमध्ये किनाऱ्याची आणि डोंगराची माणसं एकत्र दिसतात, याचं मूळ भावनेपेक्षा या हिशेबात जास्त आहे. बंदरामुळे समुद्र जाईल आणि बंदराकडे जाणाऱ्या रस्ता-रेल्वेसाठी जमीन जाईल. बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग याच पट्ट्यातून जातात.

परदेशातली मराठी मंडळं पालघरला मदत करतात तेव्हा ती बहुधा आश्रमशाळांकडे वळते: वह्या, संगणक, सौर दिवे. ती चालू राहावी. पण या जिल्ह्यात ज्या गोष्टीची खरी टंचाई आहे ती म्हणजे नोंद. मंडळांत संख्याशास्त्रज्ञ आहेत, नकाशे बनवणारे आहेत, वकील आहेत. मच्छिमार संस्थांकडे सभासदांच्या मालाची खरेदी-विक्री लिहिलेल्या वह्या असतात. त्या नीट उतरवून घेतल्या तर कुठल्या गावाची मासळी कधी आणि किती घटली, हे न्यायालयात मांडता येईल. सामूहिक वनहक्काच्या दाव्यांना लागणारे नकाशे तयार करायला पाड्यांवरच्या ग्रामसभांना तंत्रज्ञ मिळत नाहीत. हे काम दूर बसूनही होतं.

बंदराने कुणाची रोजी जाईल याची पाहणी करायची असेल, तर ती गावनिहाय मालमत्तेवरून न करता घरटी, कामावरून करावी लागेल. त्यात खलाशी, मासळी सुकवणाऱ्या आणि डोक्यावर टोपली घेऊन विकणाऱ्या बायका, बर्फ फोडणारे हमाल यांना स्वतंत्र रकाना हवा. आणि ती जून-जुलैमध्ये व्हायला हवी. तेव्हा मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, वीटभट्ट्या थांबलेल्या असतात, वेरावळचे खलाशी आवणीसाठी पाड्यावर आलेले असतात. हिवाळ्यात आलेल्या पाहणी पथकाला निम्म्या घरांना कुलूप दिसतं, आणि त्या घरांपुढे 'बाधित नाही' असा शेरा पडतो.