दम अचानक लागला तर सकाळची वाट पाहू नका

उज्जैनमधल्या नानाखेडा, वसंत विहार, महानंदानगर, ऋषिनगर या भागांत राहणाऱ्या सगळ्या मराठी कुटुंबांना ही कळकळीची विनंती आहे. घरात कुणाला अचानक दम लागला, खोल श्वास घेताना छातीत कळ आली, किंवा धडधाकट माणूस उभ्या उभ्या चक्कर येऊन पडला, तर 'गॅस झाला असेल' म्हणून ओवा-सोडा देत बसू नका. ताबडतोब १०८ ला फोन लावा. पायाच्या खोल शिरेत साकळलेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकली असण्याची शक्यता असते. डॉक्टर याला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. यात माणूस वाचतो की नाही, हे बऱ्याच अंशी औषध किती लवकर सुरू झालं यावर ठरतं.

१९६० साली ब्रिस्टलमध्ये बॅरिट आणि जॉर्डन या दोन डॉक्टरांनी अशा रुग्णांचे दोन गट केले. रक्त पातळ ठेवणारं औषध न मिळालेल्या १९ जणांपैकी ५ जण याच आजाराने गेले. औषध मिळालेल्या १६ जणांपैकी गुठळीमुळे एकही दगावला नाही. त्यानंतर औषध न देता कुणाला ठेवणंच योग्य नाही, असं ठरून तुलना थांबवण्यात आली. याला आता साठाहून अधिक वर्षं झाली. औषध आपल्या शहरात मिळतं; वेळ जातो तो घरातच.

धोका कुणाला जास्त? कंबर, खुबा किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांना, पायाला प्लास्टर असणाऱ्यांना, कॅन्सरच्या रुग्णांना, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांना, अंथरुणाला खिळलेल्यांना आणि ज्यांना पूर्वी गुठळी झाली होती त्यांना. आपल्या नानाखेडा बस स्टँडवरून रात्रभराच्या प्रवासाला निघणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. चार तासांहून जास्त वेळ एका जागी बसून प्रवास केला की धोका सुमारे दुपटीने वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं. निरोगी माणसाच्या बाबतीत तो तरीही कमीच, साधारण सहा हजारांत एक. पण नुकतंच ऑपरेशन झालेल्या आजींना स्लीपरने पुण्याला न्यायचं असेल, तर तिकीट काढण्याआधी सर्जनना विचारा.

बाळंतिणीबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत गुठळीचा धोका गरोदरपणापेक्षाही जास्त असतो, सिझेरियन झालं असेल तर आणखी. आणि नेमका हाच आपला सव्वा महिना! शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, आईच्या हातचं तेल-मालीश, हे सगळं प्रेमाने होऊ द्या. फक्त तिला खाटेवरून उठूच द्यायचं नाही, हा हट्ट सोडा. डॉक्टरांनी परवानगी दिली की पहिल्या दिवसापासून तिला घरातल्या घरात चालू द्या, भरपूर पाणी प्यायला द्या. एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, तर तिला तेल लावून चोळू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. शिंप्याचा टेप घेऊन गुडघ्याखाली पुढच्या बाजूला जे हाड वर आलेलं असतं, त्याच्या दहा सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर मोजा. तीन सेंटीमीटर किंवा जास्त फरक असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. फरक कमी असला तरी दुखणं-सूज असेल, तर दाखवायलाच हवं.

टेनिसपटू सेरेना विल्यम्सचं उदाहरण घरोघरी सांगण्यासारखं आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये सिझेरियननंतर दुसऱ्याच दिवशी तिला दम लागला. तिला आधी हा आजार होऊन गेला होता, म्हणून तिने स्वतःच सीटी स्कॅन आणि हेपारिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध मागितलं. नर्सला वाटलं, वेदनाशामकांमुळे ही भांबावली आहे. तिने हट्ट सोडला नाही. स्कॅनमध्ये फुप्फुसात गुठळ्या निघाल्या. जगप्रसिद्ध खेळाडूलाही हट्ट करावा लागतो, तर आपल्या सुनेच्या वतीने आपल्यालाच बोलावं लागेल. 'डॉक्टर, ही फुप्फुसातली गुठळी तर नाही ना?' एवढं विचारायला बिलकूल संकोचू नका. इसीजी नॉर्मल आला तरी विचारा, कारण त्यावरून गुठळी नाही असं सिद्ध होत नाही.

रुग्णालयात पोचल्यावर कोण जास्त संकटात आहे, हे पाहण्यासाठी डॉक्टर सहा गोष्टी बघतात. वय ८० च्या वर, कॅन्सर, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार, नाडी ११० किंवा जास्त, वरचा रक्तदाब १०० च्या खाली, ऑक्सिजन ९० टक्क्यांपेक्षा कमी. यातलं एकही असेल तर पुढच्या महिन्याभरातला धोका वाढलेला असतो. रक्तदाब ९० च्याही खाली टिकून राहिला तर तो सर्वांत गंभीर प्रकार. तिथे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायची वेळ येते. हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आहे का, हे इकोवर दिसतं. म्हणून जुने आजार, ऑपरेशनची तारीख आणि चालू गोळ्या एका कागदावर लिहून सोबत न्या. इंदूरला हलवावं का, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

घरी आल्यावर दुसरी परीक्षा सुरू होते, आणि बरीच माणसं तिथेच चुकतात. बरं वाटलं म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद करू नका. उपचार किमान तीन महिने चालतो, काहींना कायमचा. गुठळीमागे उघड कारण सापडलं नसेल, तर औषध बंद केल्यावर पहिल्या वर्षात साधारण दहातल्या एकाला ती पुन्हा होते. काही गोळ्यांचा डोस पहिल्या आठवड्यांत वेगळा असतो आणि मग बदलतो; ती तारीख डिस्चार्ज कार्डावरून कॅलेंडरवर उतरवून घ्या. यांपैकी रिव्हरोक्साबॅन या गोळीचा १५ आणि २० मिलिग्रॅमचा डोस जेवणासोबतच घ्यायचा असतो, त्यामुळे एकादशी, चतुर्थी, नवरात्राचे उपास असतील तर डॉक्टरांना सांगा. वॉर्फरिन ही गोळी चालू असेल तर आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ झालं आहे याची, तपासणी चुकवू नका. मेडिकलवरून मनाने पेनकिलर आणू नका, रक्तस्रावाची भीती असते. शौचाला काळं झालं किंवा डोक्याला मार लागला तर लगेच दाखवा. अंगावर पाजणाऱ्या आईची गोळी तिच्या डॉक्टरांनीच ठरवावी.

तीन महिने नियमाने औषध घेऊनही एक मजला चढताना धाप लागत असेल, तर 'वयामुळे असेल' म्हणू नका. काहींच्या गुठळ्या पूर्ण विरघळत नाहीत, फुप्फुसातला दाब वाढतो. तो वेळेत सापडला तर त्यावर ऑपरेशन आहे, औषधं आहेत.

महिला मंडळं, गणेश मंडळं यांनी हे पुढच्या बैठकीत वाचून दाखवावं. आणि ज्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यांना खास सांगणं: दम लागलेल्या माणसाला जिने उतरवू नका, स्कूटरवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. त्याला आधार देऊन बसतं ठेवा, १०८ वाल्यांना मजला सांगा आणि एकाने खाली फाटकाशी जाऊन उभं राहा.