भरती शून्य, दुखणे किती?



19 जूनला जागतिक सिकलसेल दिन झाला आणि दुसऱ्या दिवशी ठरलेली बातमी आली. इतक्या जणांची तपासणी, इतके वाहक, इतके ग्रस्त, इतकी कार्डे वाटली; 2047 पर्यंत निर्मूलन. माझ्या सिकलसेलग्रस्त मुलीने ती वाचली, पेपरची घडी घातली आणि विचारले, "बाबा, दुखलं किती, ते कुठी लिहिलं हाये?"

मला उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर एका संशोधनाची टीम आमच्या गावात आली होती. पोरे भली होती. आल्या आल्या त्यांनी फॉर्म काढला. हिमोग्लोबिन किती? वर्षभरात किती वेळा भरती? रक्ताच्या किती पिशव्या लागल्या? मुलीच्या भरतीच्या रकान्यात शून्य पडले. "छान आहे की, काका," असे म्हणून त्या मुलाने पान उलटले.

त्याच्या डोक्यामागेच भिंतीवर कॅलेंडर टांगलेले होते. माझी बायको त्यावर दुधाचा हिशोब लिहिते आणि पोरीचे अंग दुखले की त्या तारखेवर फुली मारते. एकट्या ऑगस्टच्या पानावर 14 फुल्या होत्या. त्या सगळ्या रात्री आम्ही दोघांनी आळीपाळीने वीट तापवून तिचे गुडघे शेकले आहेत. "हाडात कोणी खिळे ठोकून रायलं," असे ती म्हणायची. भरती का केले नाही? नाल्यावरून पाणी होते, रात्री फाट्यापर्यंत न्यायला गाडी मिळत नाही, आणि रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून दवाखान्यात बसायचे कोणी? भरती शून्य म्हणजे दुखणे शून्य असा अर्थ निघाला आणि आमची पोरगी कागदावर बरी झाली.

हे केवळ आमच्या घरचे रडगाणे असते तर तुमची जागा अडवली नसती. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात 232 सिकलसेल रुग्णांना रोज डायरी लिहायला लावली होती. त्याचा अहवाल 2008 साली प्रसिद्ध झाला. निम्म्याहून जास्त, 54.5 टक्के, दिवस दुखण्याचे निघाले. आणि रुग्णाने दवाखाना गाठला असे दिवस किती? 3.5 टक्के. म्हणजे शंभरांतले साडेतीन दिवस डॉक्टरांच्या वहीत, बाकीचे दुखणे घरच्या चार भिंतींत. ज्या देशात फोन केला की अँब्युलन्स दारात येते तिथला हा हिशोब. नाल्यापलीकडच्या आमच्या गावात त्या साडेतीनचे किती उरतील, ते तुम्हीच सांगा.

दुखणे मोजता येत नाही, माणूस वाढवून सांगतो, असे शहाणे लोक म्हणतात. मग हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचे औषध कशाच्या जोरावर आले? 1995 साली 299 रुग्णांवरच्या चाचणीत दुखण्याचे झटकेच मोजले होते. नकली औषध घेणाऱ्यांत ते वर्षाला साडेचार, खरे औषध घेणाऱ्यांत अडीच निघाले, म्हणून आज ही कॅप्सूल माझ्या पोरीच्या डब्यात आहे. पण त्या चाचणीतही दवाखान्यापर्यंत पोचलेलाच झटका धरला गेला. घरात सोसलेला हिशोबात आला नाही.

उलट जिथे नुसत्या रक्ताच्या आकड्यावर भिस्त ठेवली तिथे काय झाले? व्होक्सेलोटर नावाची गोळी. 24 आठवड्यांत 51 टक्के रुग्णांचे हिमोग्लोबिन एका ग्रॅमहून जास्त वाढले, नकली गोळी घेणाऱ्यांत फक्त 7 टक्क्यांचे. वाहवा झाली, 2019 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. सप्टेंबर 2024 मध्ये कंपनीने स्वतःच ती जगभरातून मागे घेतली, कारण नंतरच्या माहितीत दुखण्याचे झटके आणि मृत्यू यांचे पारडे जड दिसू लागले. हिमोग्लोबिन वाढले ते खरे. पण "तुझे दुखणे कमी झाले का?" हा प्रश्न मंजुरीच्या आधी, सर्वांत वर असायला हवा होता.

तो प्रश्न वर कधी येतो? रुग्ण टेबलाशी बसतो तेव्हा. संधिवाताच्या जागतिक तज्ज्ञांनी 2002 साली पहिल्यांदा रुग्णांना आपल्या बैठकीत बोलावले. रुग्णांनी सांगितले, सांधे सुजतात ते तुम्ही मोजता, पण आम्हाला जो थकवा गिळतो तो कुठे मोजता? पुढे थकवा मोजायचे ठरले. त्या थकव्यासाठी कुठले नवे यंत्र लागले नाही. आधी विचारायला हवे होते, इतकेच. आमच्याकडे 1958 साली मध्य भारतातल्या सिकलसेलवर लान्सेटमध्ये लेख छापून आला, तेव्हापासून पूर्व विदर्भातली माणसे संशोधनाला बोट पुढे करून रक्त देत आली आहेत. काय मोजायचे, हे मात्र आम्हाला कोणी विचारले नाही.

आता विषय निघालाच आहे तर दुसरेही सांगून टाकतो. नागपूरचे संपत रामटेके यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे खेटे घातले, तेव्हा कुठे 2016 च्या कायद्यात सिकलसेल दिव्यांगत्वाच्या यादीत आले. लाभासाठी अट 40 टक्क्यांची. प्रमाणपत्राच्या खिडकीवर मुलीला काय विचारले? "भरतीचे कागद आणले का?" पुन्हा तेच. मी कॅलेंडरचे पान दाखवले, तर खिडकीतले बाबू हसले. पाय ओढत चालणारी पोरगी समोर उभी होती, तिच्याकडे त्यांनी मान वर करून पाहिलेही नाही.

मागणी साधी आहे. 2023 च्या जुलैत शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य धरले; जरूर तपासा. पण या रोगावर यापुढे जे संशोधन होईल, त्यात काय मोजायचे हे ठरण्याआधी लाखनी, साकोली, पवनीतल्या चार ग्रस्तांना आणि त्यांच्या आयांना सोबत बसवा. त्या सांगतील: शाळेचे किती दिवस बुडाले, रोवणीला किती दिवस उभे राहता आले, किती रात्री झोप लागली. हे आकडे मोजा आणि 19 जूनच्या बातमीत छापा.

यंदाचे धानाचे पऱ्हे टाकून झाले आहेत. जूनच्या पानावर आतापर्यंत पाच फुल्या आहेत. भरती अजून शून्यच.

— एका सिकलसेलग्रस्त मुलीचे वडील, ता. लाखनी, जि. भंडारा