दुरुस्तीची किल्ली कोणाच्या हाती?

धामणगाव रेल्वेच्या बाजारात कापूस वा सोयाबीन घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यास स्मार्टफोन ही आता चैन राहिलेली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत उभ्या पिकाची नोंद त्याने फोनवरून करावयाची असते. ऐन त्या दिवसांत फोन बंद पडला की तो शेजाऱ्याचा मिंधा होतो. आणि दुकानात गेला तर ‘हा गेला, नवा घ्या’ एवढेच ऐकून परततो.

परंतु असा प्रत्येक फोन खरोखर मृत असतो काय? पुष्कळदा त्याचे शरीर धडधाकट असते. बिघडलेले असते ते फर्मवेअर, म्हणजे यंत्राने जागे कसे व्हावे हे सांगणारा मूळ आज्ञासंच. अपडेट चालू असता बॅटरी संपली तर हा संच अर्धवट राहू शकतो आणि पडद्यावर कंपनीचे बोधचिन्ह तेवढे उमटून विझते. फोन केबलने संगणकास जोडून त्याच मॉडेलचे अस्सल फर्मवेअर पुन्हा बसविले की तो बहुधा उठून बसतो. आतील छायाचित्रे व मजकूर मात्र अनेकदा पुसला जातो, आणि भलत्या मॉडेलचा संच घातला तर दुखणे बळावते. म्हणूनच हे काम जाणत्याने, अस्सल सामग्रीनिशीच करावयाचे असते.

अडचण नेमकी येथेच आहे. कित्येक कंपन्या ही सामग्री आपल्या अधिकृत केंद्रांपुरती राखून ठेवतात. तालुक्याच्या गावातील कारागिरापाशी हुन्नर आहे, पण किल्ली नाही. मग तो कोठून तरी मिळविलेल्या संशयास्पद फायलींवर भिस्त ठेवतो. चोरीचे फोन उघडले जातील, ही कंपन्यांची भीती अगदीच निराधार नव्हे. परंतु आज्ञासंच बसविणे आणि मालकाचे कुलूप तोडणे या दोन भिन्न क्रिया आहेत.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून, सुटे भाग बदलताना लागणारे फर्मवेअर व्यावसायिक कारागिरांना भेदभावाविना देण्याचे बंधन उत्पादकांवर घातले. आपल्या केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्याच वर्षी डिसेंबरात संकेतस्थळही उघडले. परंतु संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे.

मोडलेले चाक सुताराकडून नीट करवून पुन्हा गाडी जुंपणारा हा वऱ्हाड आहे. त्या सुताराला कोणा कारखानदाराची परवानगी मागावी लागली नाही. ज्याने वस्तूचे मोल मोजले, ती दुरुस्त करवून घेण्याचा हक्कही त्याचाच. अस्सल फर्मवेअर जाणत्या कारागिरास मिळालेच पाहिजे, असा कायदा केंद्राने विनाविलंब करावा.