गणसंख्येअभावी तहकूब

पार्ल्यात राहून मला पन्नासाहून अधिक वर्षे झाली. एका गावात इतकी वर्षे काढली, की मते देण्याचा परवाना माणसाला आपोआप मिळतो, अशी माझी समजूत आहे. तेव्हा यंदा चकलीबरोबर माझे एक मतही वाचकांनी तोंडात टाकून पाहावे. खुसखुशीत नसले तर ठेवून द्यावे!

जुने पार्लेकर भेटले की बिस्किटांच्या वासासाठी हळहळतात. १९२९ साली सुरू झालेला तो कारखाना २०१६ साली बंद झाला, आणि गाडीतून उतरताच 'घर आले' असे नाकाला सांगणारा वास गेला. खरे आहे. पण वास गेला त्याचे मला एवढे वाटत नाही. गेली ती सभेला येणारी माणसे!

सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिच्या सूचनेच्या तळाशी एक ओळ असते : पुरेसे सभासद न जमल्यास सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल व तिला गणसंख्येची अट राहणार नाही. ही सोय खरी अडीअडचणीसाठी. आम्ही तिचा रिवाज करून टाकला. वीस सभासद कधी जमतच नाहीत. सातजण अर्धा तास घड्याळाकडे पाहत बसतात, आणि मग हिशेबापासून गच्चीच्या गळतीपर्यंत सारे मंजूर होते. बाकीचे दाराआडून मोबाइलवर लिहितात, 'कमिटी मनमानी करते!'

पूर्वी काय सारे गुण्यागोविंदाने नांदत होते? छे! पंपावरून, कुंड्यांच्या पाण्यावरून, गच्चीतल्या पापडांवरून कडाक्याची भांडणे होत. पण भांडायला माणूस समोर यावा लागे. आवाज चढले की कुणीतरी वहिनी चहाचा ट्रे घेऊन येत, आणि चहाबरोबर ठरावही पास होई. याच गावात १९२१ साली टिळक विद्यालय आणि १९२३ साली लोकमान्य सेवा संघ निघाला. वर्गणी, बैठका आणि वादावादी यांवाचून संस्था उभी राहते, असे मला कुणी सांगू नये.

आता गल्लोगल्ली पुनर्विकास चालला आहे. २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे त्याला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. सह्या जमतात, प्रश्न मात्र जमत नाहीत. आमच्या इमारतीतल्या ऐंशी ओलांडलेल्या एका आजींनी सभेत विचारले, "नव्या जागेत महिन्याचा खर्च किती येईल हो? मला पेन्शन आहे तेवढीच." ऐकायला आम्ही सातजण होतो. प्रश्न इतिवृत्तात उतरलाच नाही. तिथे पंचवीस माणसे असती, तर निदान पाचजणांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला असता, आणि उत्तर द्यावेच लागले असते.

म्हणून म्हणतो, या दिवाळीत फराळाचे ताट शेजारी नेताना एवढे जरूर विचारा : "पुढच्या सभेला येणार ना? निदान भांडायला तरी या!"