बस्ता कोठे बांधावा?

विवाहाची तिथी निश्चित झाली की घरातील पहिला मतभेद बहुधा बस्त्यावरून होतो. गेल्या वर्षी माझ्या पुतणीच्या विवाहप्रसंगी आमच्याकडेही तेच झाले. वहिनींचा ओढा मुंबईकडे, बंधूंचा पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याकडे, आणि आमच्या मातोश्रींचे म्हणणे असे की, नाशिकच्या मेन रोडवर गादीवर बसून जे दाखवतात ते कोठेही मिळत नाही. तिघांचेही थोडे थोडे खरे होते. पुरुषांचे शर्टपीस, देण्याघेण्याच्या साड्या, टॉवेल-टोप्या हा सारा किरकोळ आहेर गावातच घ्यावा; बदलून आणणे सोपे जाते आणि दुकानदार ओळखीचा असतो. ड्रेस मटेरियल मोठ्या संख्येने लागणार असेल तर दादरचे हिंदमाता किंवा क्रॉफर्ड मार्केटजवळचे मंगलदास मार्केट धुंडाळण्याजोगे आहे. मात्र मंगलदासला रविवारी जाऊ नये, बाजार बंद असतो.

खरा प्रश्न शालूचा, म्हणजे पैठणीचा. त्यासाठी मुंबई नाही, पुणे नाही. आपल्याच जिल्ह्यातील येवले. निफाडमार्गे छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने गेल्यास नाशिकपासून सुमारे ८० किलोमीटर. नाव पैठणचे असले तरी आज सर्वाधिक माग येवल्यात व आसपासच्या खेड्यांत चालतात. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

येवल्याचा आग्रह मी धरतो त्यामागे एक फजिती आहे. आमच्या विवाहाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा एका मोठ्या शहरातील झगमगीत दालनातून मी सौभाग्यवतींसाठी 'हातमागाची अस्सल' म्हणून पैठणी आणली. पुढे माझी बदली येवल्याकडील शाखेत झाली. एका सायंकाळी कर्जाच्या कामासाठी घरी आलेल्या एका वयस्क विणकराला सौभाग्यवतींनी ती कौतुकाने दाखवली. त्याने मोराकडे पाहिलेच नाही. पदर उलटा केला, बोट फिरवले, आणि अतिशय सौजन्याने म्हणाला, "साहेब, रंग छान आहे." पुढे काही बोलला नाही. त्या मौनाचा अर्थ विचारण्याचे धैर्य मला दोन दिवसांनी झाले.

तो अर्थ असा. हातमागाच्या पैठणीत पदरावरील प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या नक्षीपुरताच हाताने गुंफलेला असतो. त्यामुळे मोर, मुनिया किंवा असावलीची वेल उलट बाजूनेही जवळजवळ तशीच दिसते. यंत्रमागावर धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो. नक्षीबाहेरचा भाग मागे लोंबकळतो किंवा कापलेला दिसतो. काही ठिकाणी तो झाकण्यासाठी मागून अस्तर लावून देतात. तेव्हा अस्तर लावलेला पदर पाहावयास मिळाला तर आधी ते उसवून दाखवण्यास सांगावे. सेमी पैठणी विकणे हा काही गुन्हा नव्हे, ती स्वस्त असते व सुंदरही दिसते. पण ती सेमीच्या भावाने घ्यावी. रेशीम शुद्ध आहे किंवा नाही यासाठी सिल्क मार्क, आणि विणकामासाठी हँडलूम मार्क पाहावा. ही दोन निरनिराळी प्रमाणे आहेत. एक असले म्हणजे दुसरे असतेच असे नाही. आणि पक्के बिल घ्यावे. हे मी बँकेच्या सवयीने सांगतो आहे, पण त्या बिलावर 'हातमाग' हा शब्द लिहून घेण्याचा आग्रह धरला की अनेक विक्रेत्यांचा सूर बदलतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

येवल्यात मागावरून थेट घ्यावे की दुकानातून? माझ्याकडे कर्जासाठी येणाऱ्यांत स्वतःचे रेशीम विकत घेऊन विणणारे थोडे होते. बाकीच्यांना व्यापारी रेशीम व जर देई आणि नगावर मजुरी ठरवी. साध्या पैठणीला महिना-दीड महिना, भरजरी पदराला सहा महिने किंवा अधिक. तितके दिवस घरातील दोन माणसे खड्ड्यातील मागावर बसणार. थेट विणकराकडून घेतल्यास त्या दिवसांचे मोल त्याच्या हाती अधिक पडते, एवढाच माझा हिशेब. दुकानात मात्र निवड अधिक, हे मान्य केले पाहिजे.

इतके सारे पुतणीला समजावून सांगितल्यावर ती शांतपणे म्हणाली, "काका, एका साडीत किती जीव जातात?"

मला उत्तर ठाऊक होते, आणि तीच अडचण होती. एक किलो रेशमाला पाच हजारांच्या आसपास कोसले लागतात आणि अखंड धागा मिळावा म्हणून आतील जीवासह ते उष्णतेने मारले जातात. आपल्या अनेक घरांत पूजेलाही रेशमी वस्त्रेच नेसण्याची रीत होती. मातोश्रींनी तीच सांगितली. पुतणी म्हणाली, "आजी, रात्री न जेवण्याची रीतही तूच शिकवलीस ना?" त्यावर मातोश्री काही बोलल्या नाहीत. पतंग बाहेर पडू दिल्यानंतर रिकाम्या कोसल्यापासून काढलेले 'अहिंसा रेशीम' मिळते, पण तो धागा तुटलेला असल्याने कातावा लागतो व त्याला तशी चमक येत नाही. येवल्यात सुती अंगाची पैठणीही विणतात. मात्र तिच्या पदरात वा काठात बहुधा रेशीम असतेच, तेव्हा विचारूनच घ्यावी.

अखेर पुतणीने सुती नारायणपेठ घेतली आणि बोहल्यावर तीच नेसली. विहीणबाईंना पैठणीची अपेक्षा होती व तसे त्यांनी स्पष्ट कळवले होते. ती आणावयास मी व वहिनी येवल्यास गेलो. जांभळ्या रंगाची, नारळी काठाची. पदर मी तीनदा उलटून पाहिला. काम निर्दोष होते. विणकराने घडी घालता घालता विचारले, "नवरीची का?" वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मी "विहीणबाईंची" असे सांगितले आणि पैसे मोजून दिले.