जुन्या स्पीकरची आधी दुरुस्ती, मग ॲम्प्लिफायर

साठ-सत्तरच्या दशकांतले स्टीरिओ स्पीकर हाती लागले की पहिला प्रश्न हमखास निघतो: ॲम्प्लिफायर किती वॅटचा घ्यायचा? माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. पन्नास वर्षांचा स्पीकर मुळात धड वाजतो का, हे न पाहता महागडा ॲम्प्लिफायर घेतला तर खर्च एकीकडे आणि दोष दुसरीकडे राहतो. अमेरिकेच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीचा १९६७ चा एआर-३ए घ्या. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये एआर-१ साठी वापरलेले तत्त्वच त्याच्या मुळाशी आहे: खोका हवाबंद ठेवायचा आणि आतल्या हवेलाच वूफरची स्प्रिंग करायची. त्यामुळे छोट्या खोक्यातूनही खोल खर्ज निघतो, पण कुठे फट पडली की ती स्प्रिंगच सैल होते. वूफरचा कोन बोटांनी हलकेच आत दाबून सोडा. तो सावकाश परत आला तर खोका शाबूत, पटकन उसळला तर हवा निसटते आहे. याच स्पीकरच्या मागे मधले आणि वरचे सूर कमी-जास्त करणारी दोन बटणे आहेत. त्यांच्या आत गंज चढतो, ट्वीटर मुका होतो, आवाज झाकल्यासारखा येतो आणि बोल लागतो ॲम्प्लिफायरला. खालचे-वरचे सूर वूफर-ट्वीटरांत वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही वयोमानाने बिघडतात. त्या काळच्या अनेक स्पीकरांत वूफरभोवतीच्या फोमचा भुगा होतो. आपल्या कोकण-गोव्याच्या दमट हवेत तो आणखी लवकर होतो. यांतला एकही दोष वॅट वाढवून जात नाही.

दुरुस्ती झाली की ॲम्प्लिफायरची निवड बरीच सोपी होते. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे ४० च्या जागी ८० वॅट आणून कानाला जेमतेम फरक जाणवेल. महत्त्वाचे आहे ते स्पीकरची संवेदनशीलता आणि ओझे, म्हणजे ओहममधला अवरोध, पाहणे. बीबीसीच्या अभियंत्यांनी घडवलेला एलएस३/५ए एका वॅटला एका मीटरवर सुमारे ८३ डेसिबल देतो. ९० डेसिबलच्या स्पीकरइतके वाजायला त्याला पाचपट शक्ती लागते. मात्र त्याच्या जुन्या आवृत्तीचा अवरोध १५ ओहम, त्यामुळे विद्युतप्रवाहाचा ताण कमी. एआर-३ए चे उलटे. तो ४ ओहमचा, शिवाय संवेदनशीलताही बेताचीच. त्याला ४ ओहमवर न तापता चालणारा ॲम्प्लिफायरच हवा. एका रिसीव्हरवर अशा दोन जोड्या समांतर लावल्या तर ओझे २ ओहमवर येते, आणि बहुतेक जुने रिसीव्हर ते सोसत नाहीत.

जास्त वॅटने स्पीकर जळेल, ही भीती मी समजू शकतो. पण आवाजाची मूठ आपल्याच हातात असते. लहान ॲम्प्लिफायर त्याच्या मर्यादेपलीकडे ताणला की लहरींची टोके कापली जातात, आणि त्यातून उठणाऱ्या वरच्या सुरांच्या माऱ्याने ट्वीटर जातो. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा गोडवा मला मान्य आहे, पण त्यांतल्या अनेकांचा आउटपुट अवरोध जास्त असतो. स्पीकरचा अवरोध सुरागणिक बदलत असल्याने मग सुरांचा तोलही बदलतो. ज्याला तो तोल आवडेल त्याने जरूर घ्यावा, फक्त त्याला सुधारणा म्हणू नये.

आता सर्वांत जोरकस आक्षेप: आजचे ट्वीटर आणि कपॅसिटर जास्त चांगले, मग तेच का बसवू नयेत? कारण क्रॉसओव्हर त्या मूळ ट्वीटरच्याच अवरोधावर बेतलेला असतो. नवा ट्वीटर स्वतः कितीही सरस असला तरी त्या हिशेबात बसेलच असे नाही. फिल्म कपॅसिटरचा अंतर्गत रोध कमी असल्याने वरचे सूर टोचू शकतात. तेथे एक छोटा रेझिस्टर जोडावा लागतो. म्हणून बिघडलेला भाग त्याच मापाचा बदला, चांगल्या भागाला हात लावू नका. आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवा. पुढे कोणाला स्पीकर पूर्ववत करायचा असेल तर त्याला तो लागेल.